याकोबभाऊंच्या झांजा

"आहे का नाही, तेवढंच सांगा मास्तर. आडपडदा नको."

रूबेन ओट्यावर चढायच्या आधीच बोलला. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

मास्तर हार्मोनियमचा भाता उघडून बसले होते. उंदराने भोक पाडलं होतं त्याला. त्यांनी मान वर केली नाही.

"काय आहे का नाही?"

"संगीत. माझ्यात."

मास्तर म्हणजे माझे यजमान, शांतवन मास्तर. आमच्या चर्चचा क्वायर आणि छोटा बँड तेच बघतात. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून लग्न झाल्यापासून मीही तेच म्हणते. रूबेन हा साळव्यांचा. याच ओट्यावर सूर ओळखायला शिकला आणि पुण्याला गेला.

"अरे, आधी पाणी तरी पी," मी म्हटलं.

"नको मावशी."

चेहरा बघवत नव्हता पोराचा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खांद्यावरची बॅग त्याने लहान मूल उतरवावं तशी हलकेच खाली ठेवली.

मग भडाभडा बोलला. चांगली नोकरी सोडून वर्ष झालं होतं. कॉम्प्युटरवर खेळतात त्या खेळांना तो संगीत देतो. राजे, जादूगार, पंखांचे अजगर असले खेळ. एका मोठ्या खेळाचं काम मिळालं होतं. त्यातल्या राणीच्या शेवटच्या प्रसंगाची चाल त्याने दोनदा पाठवली आणि दोनदा परत आली.

"काय म्हणाले?" मास्तरांनी विचारलं.

"खेळ बनवणाऱ्या बाई म्हणाल्या, भव्य आहे. पण राणी कुठे आहे?"

"मग?"

"सोमवारी शेवटची संधी. नाही जमलं तर दुसऱ्याला देणार. आणि जुन्या ऑफिसवालेही सोमवारीच विचारतायत, परत येतोस का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात तर मी जातो परत. शपथेवर सांगतो, पुन्हा सुराचं नाव काढणार नाही."

मास्तर भात्याला डिंक लावत राहिले...

मला रागच आला. माणूस आतून तुटायला आलाय, आणि यांचं आपलं ठिगळ चाललंय! पण यांच्या गप्प बसण्यापुढे मी कधीच हात टेकलेत.

"वाजव," शेवटी ते म्हणाले.

रूबेनने लॅपटॉप उघडला, डबीएवढा स्पीकर ओट्याच्या कठड्यावर ठेवला.

अगं बाई! एवढ्याशा डबीतून काय निघालं ते! नगारे, शिंगं, व्हायोलिनांचे ताफेच्या ताफे, वरून शेकडो माणसं गातायत. अंगणातल्या पेरूवरच्या चिमण्या उडाल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

संपलं तेव्हा मी म्हटलं, "कित्ती छान रे!"

मास्तर म्हणाले, "किती जण आहेत?"

"शंभरावर असतील." रूबेनचे खांदे जरा ताठ झाले. "पण खरं कुणीच नाही मास्तर. एकेका वाद्याचा एकेक सूर आधीच टिपून ठेवलेला असतो. कुठल्यातरी परदेशातल्या हॉलमध्ये कुणीतरी वाजवलेला. मी इथे कळ दाबतो, तो तिथला सूर येतो. सगळा ऑर्केस्ट्रा मी एकटा."

"ज्याने सूर वाजवला, तो?"

"तो वाजवून घरी गेला."

"त्याला तुझी राणी माहीत आहे?"

"कशी माहीत असणार? त्याने नुसता सूर दिला."

"यातला कुणी कधी थांबतो?"

"थांबायची गरजच नाही," रूबेन म्हणाला. "हे थकत नाहीत. हाच तर फायदा आहे."

मास्तर उठले. आत गेले आणि खुंटीवरच्या झांजा घेऊन आले.

मी बघतच राहिले. त्या याकोबभाऊंच्या झांजा. आमच्या बँडमध्ये जन्मभर त्यांनीच वाजवल्या. एका अख्ख्या गीतात त्यांचं काम एकदाच यायचं. तोवर आपल्या खुर्चीवर, मांडीवर झांजा घेऊन बसायचे. ते गेल्यापासून खुर्ची रिकामी आणि झांजा खुंटीवरच होत्या. पोरं मागतात, मास्तर देत नाहीत.

रूबेनला लहानपणी एका नाताळात दिल्या होत्या, याकोबभाऊ तापाने पडले होते तेव्हा. या पठ्ठ्याने पहिल्याच कडव्यात तीनदा दणकावल्या! मास्तरांनी भर चर्चमध्ये काढून घेतल्या हातातून. पोरगं महिनाभर रुसलं होतं.

त्यालाही ते आठवलं असावं. कान लाल झाले.

"धर," मास्तर म्हणाले. "तुझी चाल पुन्हा लाव. तू एकदाच वाजवायचं. कुठे, ते तू ठरव. चाल तुझीच आहे."

"मास्तर, मी काय विचारायला आलोय आणि तुम्ही..."

"लाव."

चाल सुरू झाली. रूबेनने हात उचलले. तेवढ्यात नगारे आले, त्याने खाली घेतले. पुन्हा उचलले, तर शिंगं आली. मग तो शेकडो माणसांचा क्वायर. तो हात उचलत होता, खाली घेत होता... चाल संपली. झांजा तशाच.

"पुन्हा."

या वेळी तो चिडून बसला होता. सगळा कल्लोळ टिपेला गेला तिथे त्याने दाणकन झांजा आपटल्या. मी शेजारी बसले होते, तरी नीट ऐकू आल्या नाहीत.

"जागाच नाहीये," तो पुटपुटला.

मास्तर भात्यावरचा डिंक वाळला का ते बोटाने बघत होते.

"जागाच नाहीये मास्तर! मीच लिहिलंय आणि मलाच बसायला जागा नाही!"

रूबेनने लॅपटॉप मांडीवर ओढला. नगारे बंद केले. मग शिंगं.

"इतकी मेहनत घेतली होती या शिंगांवर," तो माझ्याकडे बघून म्हणाला. जसं काही मीच काढायला लावली.

"मी कुठे काढ म्हटलं?" मास्तर म्हणाले.

तो काढतच गेला. व्हायोलिनं काढली. क्वायरवर बोट ठेवून बराच वेळ बसला, मग तोही काढला. मी चहा टाकून आले, तो गाळून आणला, निवला. कुणी हात लावला नाही.

शेवटी एकच उरलं.

"हे काय राहिलं?" मी विचारलं.

"चेलो. व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा." तो हसला नाही. "ही ओळ मी पहिल्याच दिवशी लिहिली होती मावशी. राणी लढाई जिंकलीये आणि जळलेल्या गडातून एकटी चाललीये. धाकट्या भावाला शोधतेय. एवढंच होतं. मग वाटलं, एवढंच? लोक हसतील. म्हणतील, याला येत नाही. म्हणून घालत गेलो, घालत गेलो..."

भीतीच होती ती सगळी. नगारे कसले आणि शिंगं कसली.

मास्तरांनी झांजा पुन्हा त्याच्या हातात दिल्या.

"लाव," ते म्हणाले. आवाज मऊ होता या वेळी.

रूबेनने झांजा छातीपाशी धरल्या आणि चाल लावली.

एकच सूर. चार पावलं चालायचा, थांबायचा. पुन्हा चालायचा. मला त्या राणीचं नावही ठाऊक नव्हतं, तरी तिच्या मागोमाग चालले मी. मास्तरांनी भाता बाजूला ठेवला.

रूबेन हलत नव्हता. हात भरून आले असतील, झांजा जड आहेत चांगल्या. पण तो वाट बघत होता. लहानपणापासून बघतेय मी त्याला, तो वाट बघताना पहिल्यांदा दिसला.

सूर वर वर गेला. पार वर जाऊन थांबला...

इथे. मलासुद्धा कळलं, इथेच. झांजेची जागा मोकळी समोर पडली होती.

रूबेनचे हात उघडले.

आणि तसेच राहिले. तो कान देऊन बसला होता, तोंड किंचित उघडं. मग त्याने हात हळूहळू खाली आणले, काठाला काठ लागून आवाज होऊ नये असे. झांजा मांडीवर ठेवल्या.

चेलो खाली उतरला आणि चाल संपली. चिमण्या परत आल्या होत्या पेरूवर, त्या तेवढ्या बोलत होत्या.

"वाजवली नाहीस," मास्तर म्हणाले.

"नाही."

"जागा होती."

"होती." रूबेनने बाहीने डोळे पुसले. लाजला नाही. "पण तिने तिथे भावाला हाक मारली मास्तर. तो ओ देतोय का... ते ऐकत होतो."

मी पदर तोंडाला लावला. काय करू, राहवेना.

मास्तरांनी भाता उचलून हार्मोनियमला लावला, एक पट्टी दाबून पाहिली. सूर लागला. ते पेटी उचलून आत निघाले.

रूबेन गडबडीने उठला. "मास्तर! मी विचारलं त्याचं काय? सोमवारी काय सांगू त्यांना?"

त्याने झांजा पुढे केल्या, परत द्यायला.

मास्तर उंबऱ्यात थांबले. झांजा त्यांनी घेतल्या नाहीत.

"उद्या रविवारच्या उपासनेला लवकर ये," ते म्हणाले. "याकोबच्या खुर्चीवर बस."