टिटवीची कबरीमावशी

फार वर्षांपूर्वी एका राखीव माळरानावर सुबाभूळ इतकी माजली, की गवताला ऊनच मिळेना. टिटवीने कशीबशी जागा शोधून तिथेच अंडी घातली. एके सकाळी धनगरांच्या भिवराबाईने परवानगी काढून सुबाभूळ खायला शेळ्या आत सोडल्या.

टिटवी पंख पसरून सर्वांत पुढच्या म्हाताऱ्या कबरी शेळीला आडवी आली. “मावशी, माझी अंडी तुडवली जातील गं!”

“बस तू अंड्यांवर. इथला पाला मी एकटीच खाईन,” कबरी म्हणाली.

कबरी रोज तिथेच चरली. धावत येणाऱ्या करडांना तिने शिंगांनी मागे लोटलं. हळूहळू गवतावर ऊन पडलं. पिल्लं बाहेर आली, ती थेट कबरीच्या पायांशी धावली.

“तुलाच आई समजतायत गं,” टिटवी हिरमुसून म्हणाली.

“मग तूही ये की,” कबरी म्हणाली, आणि पाय न हलवता उभी राहिली.