झोप तारण ठेवल्याची कहाणी

ऐक निद्रामाई, तुझीच कहाणी. नदीच्या अल्याड एक आटपाट नगर होतं. इतकं पेंगुळलेलं, की तिथले कोंबडे आधी जांभई द्यायचे, मग आरवायचे. नदीच्या पल्याड सगुणा नावाची सणगरीण राही, घोंगड्या विणी. तिचा निद्रामाईचा वसा. दर शनिवारी दमल्याभागल्या वाटसरूला दारात बोलवावं, अंगावर घोंगडी घालावी, तो निजला की मग आपण निजावं.

नगरातल्या मल्लाप्पा शेटनं तिच्याशी करार केला, थंडीआधी गाडाभर घोंगड्या द्यायच्या. तिनं विणल्या, पोचवल्या. शेटनं हात वर केले. "माल आलाच नाही," म्हणाला. मग सगुणा राजाच्या कचेरीत उभी राहिली.

शेट म्हणाला, "महाराज, ही पडली परमुलखातली. हरली तर नदी ओलांडून पळेल. माझा वकिलाचा, साक्षीदारांचा खर्च कोण देणार? आधी तारण ठेव म्हणावं, मग दावा चालवा."

राजा म्हणाला, "बोलणं रास्त आहे. बाई, तारण नाही तर दावा नाही. घर आहे?"

"आहे महाराज, पण छपरातून चांदणं गळतं."

"सोनं आहे?"

"हळदीपुरतं पिवळं आहे."

"माग आहे?"

"आहे, पण तो दिला तर खाऊ काय?"

मग सगुणा नदीकाठी बसली, रडू लागली. पाण्यातून एक म्हातारी आली. केस धुक्याचे, लुगडं संध्याकाळचं. "का गं रडतेस?" सगुणानं सगळं सांगितलं. म्हातारी हसली, "वेडे, वसा पाळलास. तुझ्याइतकी गाढ झोप या मुलखात कुणाची आहे? तीच ठेव." तिनं सगुणाच्या डोळ्यांवरून हात फिरवला, झोप मडक्यात भरली, घोंगडीच्या तुकड्यानं तोंड बांधलं. सगुणा टक्क जागी.

राजानं मडक्याला कान लावला. आत कुणी हळूच घोरत होतं. "चालेल. पण बाई, हरलीस तर झोप शेटची. जन्मभर तू जागी." सगुणानं मान हलवली.

आता शेटची गंमत ऐका, बायांनो. माल लपवल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मडकं पाहिलं नि तोंडाला पाणी सुटलं. "महाराज, तारण खरं की खोटं, मला पारखू द्या." फडकं सोडलं, नाक खुपसलं. मग काय! पगडी एकीकडे, शेट एकीकडे. भर कचेरीत आडवा. अन् झोपेत बायकोला सांगतोय, "अगं, त्या सणगरणीच्या घोंगड्या गुळाच्या ढेपांमागं ढकल. थंडी वाढली की दुपटीनं विकू."

राजानं माणसं धाडली. ढेपांमागं घोंगड्या निघाल्या, मुंग्यांसकट. सगुणाला मालाचे दाम मिळाले, मडकं मिळालं, दाव्याचा खर्च शेटच्या माथी बसला. शेटला हलवून उठवलं, तसा तो तिच्यामागं धावला. "बये, चिमूटभर तरी दे गं!"

सगुणा म्हणाली, "देते की, शेट. आधी तारण ठेवा."

मग शेटनं पगडी ठेवली, वसा घेतला, तेव्हा कुठं एक डुलकी मिळाली.

जशी निद्रामाई सगुणाला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचांतच आवरते, कारण ऐकायला पुढं बसलेल्या दोघी आत्ताच पेंगल्यात. त्यांना फळ दुप्पट.