उजव्या हाताची सुट्टी

एकदा एक नामांकित सुतार स्वतःच्याच ओसरीवर साफ हरला. देवळांचे लाकडी रथ घडविण्यात त्याचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. दूरच्या एका देवस्थानाचा रथ पुरा करण्यासाठी तो दोन वर्षे घराबाहेर राहिला. निघाला तेव्हा त्याची लेक येसू तीन वर्षांची होती आणि त्याच्या खांद्यावरून उतरायला तयार नसे. परतला तेव्हा पाच वर्षांची येसू आईच्या पदराआडून विचारत होती, "आई, हे काका जेवायला थांबणार आहेत का?"

बायकोने ते हसण्यावारी नेले. सुताराच्या काळजात मात्र चर्र झाले.

आता ज्याला जे येते, तेच तो करणार. त्याने सागवानाचा एक पोपट कोरला. असा हुबेहूब, की घरातले मांजर दबा धरून बसले. येसूने तो दोन्ही हातांनी घेतला, डोळे भरून पाहिला, देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, मनोभावे नमस्कार केला आणि चिंचोके खेळायला अंगणात पळाली. मग हत्ती झाला, घोडा झाला. देव्हाऱ्यात दाटी झाली.

"अहो," बायको म्हणाली, "बाळकृष्णाला बसायला थोडी जागा ठेवाल का?"

मग त्याला सुचले की लेकीला सोबत घेऊनच काहीतरी करावे. पाट करायचे ठरले. पाट म्हणजे काय, एक फळी आणि तिच्याखाली दोन आडव्या पट्ट्या. याहून सोपे काम सुतारकामात नाही. येसू मोठ्या हौसेने बसली. तिने पहिला खिळा ठोकला, तो वाकला. "असं नाही गं, आण इकडे," म्हणून सुताराने हातोडी घेतली आणि दोन घावांत नवा खिळा बसवला. दुसऱ्या खिळ्याचीही तीच गत. तिसरा खिळा बसवून त्याने मान वर केली, तर येसू जागेवर नव्हती. आता असेल कशाला, तिथे तिचे काय काम उरले होते?

तो उठला आणि थेट आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. सुतारकामाचा श्रीगणेशा त्याने त्यांच्याच हाताखाली गिरवला होता. "गुरुजी," तो म्हणाला, "हजारो माणसं मला नावानं ओळखतात, आणि घरात मी काका आहे हो!" आणि त्याने पोपटापासून अर्धवट राहिलेल्या पाटापर्यंत सगळे सांगितले.

"उद्या येतो," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले. पाणीसुद्धा न घेता त्यांनी आपले उपरणे काढले, शिष्याचा उजवा हात त्याच्या छातीशी धरला आणि करकचून बांधून टाकला. "हा हात आठ दिवस सुट्टीवर. जेवणापुरती गाठ सोड, हातोडीपुरती नाही. आणि आठव्या दिवशी मी जेवायला येईन, तेव्हा तुझ्या त्या पाटावरच बसेन."

"गुरुजी, डाव्या हातानं मला खुंटीसुद्धा ठोकता येणार नाही!"

"ठाऊक आहे," म्हणून गुरुजी काठी टेकत चालू लागले. सुतार मनात म्हणाला, म्हातारपणी बुद्धी फिरते म्हणतात, ती हीच असावी. पण गुरूची आज्ञा मोडायची कशी?

सकाळी तो पट्टी कापायला बसला. डाव्या हातात करवत, आणि लाकूड धरायला दुसरा हात नाही. करवत पुढे गेली की पट्टीही पुढे सरके. ओसरीच्या खांबाआडून आवाज आला, "काका, लाकूड पळतंय."

"मग काय करू?" त्याने विचारले. लाकडाच्या बाबतीत हा प्रश्न त्याने कित्येक वर्षांत कोणाला विचारला नव्हता.

येसूने क्षणभर विचार केला. मग ती आली आणि पट्टीवर फतकल मारून बसली. "आता कापा."

काप वेडावाकडा गेला, पण गेला. पुढची अडचण खिळ्याची. एका हाताने माणूस खिळा धरणार की हातोडी? येसू आत पळाली आणि आईची लाकडी फणी घेऊन आली. तिने फणीच्या दातांत खिळा उभा अडकवला, म्हणजे तिची बोटे घावापासून लांब राहिली. सुताराने हातोडी हाणली. खिळा वाकला, फणीचे दोन दात उडाले आणि येसू खो खो हसत सुटली.

"काका, तुम्हाला कुणी शिकवलंच नाही का?"

"मला शिकवलं होतं गं. पण या हाताला नाही."

"मग मी शिकवते. आधी हळू हळू टुकटुक करायचं. खिळा उभा राहिला की मग जोरात."

तेव्हापासून रोज सकाळी दोघे ओसरीवर. कधी तो ठोके, कधी ती. कधी दोघांचेही चुके आणि दोघेही हसत. बायकोने फणीवर पाणी सोडले. काचकागदाने फळी घासता घासता येसूच्या भुवयासुद्धा भुशाने पांढऱ्या झाल्या.

आठव्या दिवशी गुरुजी जेवायला आले. पाटावर बसले, तसा पाट डुगडुगला. त्यांनी सुरकुतलेली बोटे खालून फिरवली. "येसू, हा एक खिळा वाकडा लागतोय. कुणाचा गं?"

येसू मीठ वाढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तो बाबाचा. त्याला अजून नीट येत नाही. पण शिकतोय तो."

आईच्या हातातली वरणाची पळी हवेतच थांबली. सुताराने मान खाली घातली, आणि मीठ वाढून झालेल्या पानात दोन थेंब खारट पाणी आणखी पडले.

"गुरुजी," डोळे पुसत तो म्हणाला, "हे घडलं कसं?"

गुरुजींनी आधी हातातला घास संपवला. "तू तिला पोपट दिलास, हत्ती दिलास. सगळं पूर्ण. पूर्ण झालेल्या वस्तूला माणूस नमस्कार करतो आणि आपल्या वाटेनं जातो, कारण तिथं त्याच्यासाठी काम उरलेलं नसतं. तुझा उजवा हातही तसाच झाला होता, कुणाची गरज नसलेला. डाव्याला मात्र लाकडावर बसणारं कुणीतरी लागलं, खिळा धरणारं कुणीतरी लागलं. मूल तिथंच रमतं रे. मोठी माणसंही तिथंच रमतात, फक्त कबूल करत नाहीत."

जेवणे झाली. सुताराने उपरण्याची नीट घडी करून ती गुरुजींपुढे ठेवली. "आता हे परत घ्यावं."

"मला काय विचारतोस? तुझ्या गुरूला विचार."

येसूने घडी केव्हाच उचलली होती. "बाबा, हात दे," ती म्हणाली. "अजून आईचा पाट राहिलाय."

देवांचे रथ घडविणाऱ्या त्या हाताने मुकाट्याने स्वतःला बांधून घेतले.

आपणही घरी कधी एखादा खिळा डाव्या हाताने ठोकून पाहावा. फणी घेऊन कोणीतरी धावत येते.