ठकूबाईच्या नावाचा घास

फार फार वर्षांपूर्वी, डोंगर अजून बसायला जागा शोधत होते आणि नद्या त्यांना "जरा सरका हो" म्हणत होत्या, त्या काळी एक लहानसं राज्य होतं.

त्या राज्यात एक रीत होती. जेवायला बसलं की पहिला घास पानाच्या कडेला काढून ठेवायचा आणि एक नाव घ्यायचं. प्रत्येक घराचं नाव वेगळं. कुणाचा घास "ओढ्यावर पहिला साकव टाकणाऱ्या धोंडजीला." कुणाचा "घाटापलीकडून पाठीवर मीठ आणणाऱ्या उमाईला." वेशीजवळच्या एका घराचा घास तर चक्क "धुक्यात वाट शोधून देणाऱ्या गाढवाला" असे. नवी सून आली की सासू तिला आधी घराचं नाव शिकवी, मग चूल दाखवी. सगळी नावं कुणा एकाला ठाऊक नव्हती. देशाचा इतिहास असा घराघरांत वाटून ठेवलेला होता, लग्नातल्या लाडवांसारखा.

काढलेला घास कावळे खात. त्यामुळे तिथले कावळे फार विद्वान होते म्हणतात. मी नाही म्हणत, कावळेच म्हणतात.

एकदा परदेशाचा वकील दरबारात आला. मिशीला पीळ देत म्हणाला, "आमच्या देशात दिग्विजयी सम्राट होऊन गेले. चौकाचौकात त्यांचे पुतळे आहेत. तुमच्याकडे थोर कोण झालं?"

राजा तरुण होता. त्याने अभिमानाने धोंडजी सांगितला, उमाई सांगितली आणि बोलण्याच्या भरात गाढवही सांगितलं.

वकील एवढा हसला की त्याची पगडी सुटली. "इतिहासात गाढव!"

राजाची म्हातारी आत्या जवळच बसली होती. ती म्हणाली, "तुमच्याकडेही असतील हो. पुतळ्यांवर नावं दुसरी घातली असतील, इतकंच."

पण राजाला ते हसणं लागलं. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली: "जुनी नावं बंद! यापुढे पहिला घास फक्त सम्राटांना!" आता राज्यात सम्राट झालेलेच नव्हते. मग भाटाला बोलावून घडवून घेतले. एकाने म्हणे सात समुद्र जिंकले. राज्याला समुद्र नव्हता, पण भाटाचा हात कोण धरणार? दुसऱ्याची उंची अशी की ढग त्याच्या तुऱ्यात अडकत आणि पाऊस हवा असेल तर त्याला मान हलवावी लागे.

लोक भले होते. त्यांनी ऐकलं. चौकाचौकात सम्राटांचे पुतळे उभे केले, सासवांनी सुनांना सम्राट शिकवले. वर्षं गेली, तशी जुनी नावं आधी ओठांवरून गेली, मग मनातून गेली; राजाही आपल्या घराचं नाव विसरला आणि भाटाचे सम्राट खरे मानू लागला.

आणि मग दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे कसा? नदीतले मासे अंगावरची धूळ झटकत चालत निघाले. कोठारं रिकामी झाली. ढग अडवणाऱ्या सम्राटाच्या पुतळ्याला लोकांनी हात जोडले, पण त्याने मान काही हलवली नाही.

रानात मात्र जमिनीखाली कंद होते, भरपूर होते. पण कडू, घसा जाळणारे. "आमचे पणजोबा दुष्काळात हेच खायचे," म्हातारे सांगत. "कसे खायचे?" "ते काही आठवत नाही बुवा." ज्यांनी भुकेपोटी खाल्ले ते घसा धरून तळमळले. पोरं रडून रडून गप्प झाली. रडण्यापेक्षा ते गप्प होणं राजाला सहन होईना.

राजा मनाने खोटा नव्हता. तो म्हणाला, "प्रजेच्या पानात कंद, तर माझ्याही पानात कंद." भर दुपारी वाड्यात पंगत मांडली. उकडलेले कंद वाढले. राजाने सम्राटाचं नाव घेतलं आणि पहिला मोठा तुकडा तोंडात घातला.

गिळला मात्र, घशात निखारा उतरला. डोळ्यांत पाणी आलं, गळा सुजला, आवाज बसला. राजाच बोलेना, तेव्हा पंगतीत कोण बोलणार? सगळे चिडीचूप झाले.

त्या शांततेत एक पुटपुट ऐकू आली. आत्याबाई पानाच्या कडेला घास ठेवत होत्या. दवंडी झाल्यापासून त्या पदराआड असंच काहीतरी पुटपुटत. राजाला वाटे, दाढ दुखत असेल. आज शब्द स्पष्ट आले:

"कडू कंदाचे काप करून, राखेच्या पाण्यात उकळून, रातभर वाहत्या पाण्यात ठेवून गोड करणाऱ्या ठकूबाईला पहिला घास."

राजाने त्यांचा हात धरला. घोगऱ्या आवाजात कसाबसा म्हणाला, "आत्याबाई! हे कुणाचं नाव?"

"अरे, आपल्याच घराचं! तुझ्या आजीने मला शिकवलं. मी आयुष्यभर भातच खाल्ला, कंद कधी पाहिला होता? नाव आहे, घेते. दवंडी पिटलीस तू, पण माझ्या तोंडाला कुलूप लावायला तुला खुर्चीवर चढावं लागलं असतं, माझ्यापुढे तू अजून लहानच आहेस."

"म्हणजे आपलं कूळ सम्राटांचं नाही?"

"रानातल्या ठकूबाईचं आहे. तिने भुकेल्यांना जेवू घातलं, म्हणून लोकांनी तिच्या लेकाला गादीवर बसवलं. पुढचे सगळे तिचंच उष्टं खाऊन राजे झाले. तूसुद्धा."

राजा उठला. त्याने स्वतःच्या हातांनी काप केले, चुलीतली राख उपसून तिच्या पाण्यात ते उकळले. डोंगरातल्या एका झऱ्याला तेवढं वाहतं पाणी उरलं होतं. टोपल्या तिथे रात्रभर ठेवल्या. सकाळी गावोगाव कंद शिजले. घास घशाखाली गोड उतरला आणि पोरं पुन्हा रडू लागली, खेळण्यांवरून भांडू लागली. राजाला ते गाण्यासारखं वाटलं.

पाऊस आल्यावर राजा घरोघर फिरला. "तुमच्या घराचं नाव काय होतं हो?" हात जोडून विचारी. काहींना आठवलं. गाढवाचं तर लगेच आठवलं. पुष्कळांना मात्र काही केल्या आठवलं नाही. त्या घरांत म्हाताऱ्या डोळे पुसत बसल्या.

तेव्हापासून त्या राज्यात राजा दोन घास काढून ठेवी. पहिला ठकूबाईच्या नावाने. दुसरा ठेवताना तो काहीच बोलत नसे, नुसती मान लववी. तो घास ज्यांची नावं हरवली त्यांचा.

बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, लक्षात ठेवा: आपला आजचा घास कुणीतरी काल गोड करून ठेवलेला असतो, त्याची आठवण काढल्याशिवाय तो गिळू नये.