पुतळाची आखूड हाळी

फार वर्षांपूर्वी, आमच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा, घाटावरची एक मुलगी लग्न होऊन या गावात आली. नाव पुतळा. गावाचं बोलणं हेल काढून, प्रत्येक शब्दाला शेपूट. शाळेत ज्याला ह्रस्व म्हणतात, ते इथे कुणाच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. पुतळाचं सगळंच आखूड. 'उठ', 'बस', 'निघ', तोंडातून सुटले की संपले. सासू चारचौघींत म्हणायची, "सूनबाईच्या तोंडात विळी आहे गो. शब्द चिरूनच बाहेर पडतात." बायका हसायच्या. पुतळा हसायची नाही.

मग तिला मुलगी झाली. सासूनं बजावलं, "पोरीशी तू बोलू नको. तिची जीभ तुझ्यासारखी तुटकी व्हायची."

आपल्याच लेकराशी बोलायचं नाही. हे लिहिताना माझे दात आवळले जातात आणि वाक्यं लांबत जातात. पुतळाला ती लांब वाक्यं आवडली नसती. तिनं तोंड मिटलं. पण पोटातला राग इतका तापला की तिनं नुसतं बघितलं तरी चूल पेटायची, असं म्हणतात.

एकदा सासू नातीला घेऊन होडीनं खाडीपलीकडच्या देवीला निघाली. "तिकडे चार माणसं भेटतात, तू नको," म्हणाली. परत येताना भर खाडीत होडीला धुक्यानं गिळलं. ओहोटी लागलेली, होडी समुद्राच्या तोंडाकडे ओढली जाऊ लागली. काठावर गाव जमलं आणि हाळ्या देऊ लागलं, "होऽऽ, इकडेऽऽ!" लांब हाळी डोंगरावर आपटून चारी बाजूंनी परत यायची. होडी हाकणाऱ्या नाखव्याला काठ कुठे ते कळेना.

पुतळा पाण्यात कमरेपर्यंत शिरली. "गप बसा सगळे," ती म्हणाली. गाव गप्प झालं. मग तिनं साठवलेल्या रागानं एकेक शब्द फेकला.

"इथं. वळ. इथं."

डोंगराला तो आखूड शब्द धरताच आला नाही, असं म्हणतात. जिथून सुटला तिथूनच ऐकू आला. धुकं विळीवर धरल्यासारखं उभं चिरलं आणि त्या फटीतून होडी आली. होडीतली पोर, जी तोवर एक अक्षर बोलली नव्हती, आईकडे बोट करून म्हणाली, "इथं."

सासू उतरली. "वाचवलंस गो बाय," म्हणत रडू लागली. पुतळानं मुलगी काढून घेतली. "आता मी हिच्याशी बोलणार," म्हणाली, आणि चालू लागली. तिचा राग शेवटपर्यंत गेला नाही, असं म्हणतात. जावा तरी का?

आता खाडीवर पूल आहे. पण आमच्याकडे बारशाला आत्यानं कुर्र करण्याआधी बाळाच्या कानात आई नाव सांगते, तिच्या माहेरच्या बोलीत, जसं येईल तसं. कुणी हसत नाही. त्याआधी बाळाची आजी, बापाची आई, पाळण्यापाशी उभी राहते आणि म्हणते, "गप बसा सगळे."

हेल न काढता म्हणते.