सरकारांचे उभे स्पीकर

"न्या परत!" मानाजीराव सरकार कडाडले.

कनकगडच्या राजवाड्यावरून परत जाणारी स्पीकरची ही सहावी जोडी! राज्य जाऊन जमाना लोटला होता, पण सरकारांचा हट्ट काही खालसा झाला नव्हता. लहानपणी ते ज्या बुवांकडे गाणं शिकले, त्यांच्या गाण्याची एक जुनी तबकडी सरकारांनी जिवापाड जपली होती. ती लावली की बुवा समोर येऊन बसले पाहिजेत, एवढंच त्यांचं मागणं! त्यासाठी जमिनीवर उभे राहणारे स्पीकर हवेत. पण गाणं ऐकायची खोली दहा बाय बारा, त्यातही निम्मी जागा सरकारांच्या गादीनं अडवलेली. मोठे स्पीकर आणले की सरकार म्हणत, "ही कपाटं ठेवू कुठं? माझ्या डोक्यावर?" आणि लहान आणले की वाजवायच्या आधीच हात झटकत, "या काडीपैलवानांच्या छातीत कसला आलाय दम?"

दुकानदार नेमिनाथ उपाध्ये घाम पुसून पुसून थकले. पण खरा घाम गळत होता तो रायबा हमालाचा. राजवाडा टेकडीवर आणि वाटेत एकशेदहा पायऱ्या! जी जोडी वर न्यायची, तीच पुन्हा खाली आणायची. चौथ्या जोडीला रायबाची कंबर धरली. तेव्हापासून दुसरं टोक उचलायला त्याची लेक बायजा यायला लागली.

"पण सरकारांना हवंय तरी काय?" त्या दिवशी तिनं तोंडावरच विचारलं.

रायबानं डोळे वटारले, पण सरकार गर्रकन वळले. "ऐक! आवाज मोठ्या स्पीकरचा आणि जागा लहान स्पीकरची. एकाच जोडीत! माझी गादी तसूभर हलणार नाही. आहे बाजारात असली चीज?"

"सरकार, ती ब्रह्मदेवाच्या दुकानात तरी..." उपाध्ये काकुळतीला आले.

"आहे की!" बायजा म्हणाली. "उद्याच आणते. मधे फक्त पडदा टांगायचा. सरकारांनी ऐकायचं, बघायचं नाही."

"का गं?"

"गाणं कानानं ऐकतात म्हणून!"

उपाध्यांच्या हातातलं वायरचं भेंडोळं खाली पडलं. सरकारांच्या मिशा थरथरल्या. "ठीक! जिंकलीस तर मागशील ते देईन. हरलीस, तर दुकानातली सगळ्यात मोठी जोडी एकटीनं वर चढवायचीस!"

बाहेर पडल्या पडल्या रायबा करवादला, "जिभेला हाड नाही तुझ्या! आता काय करशील?"

बायजा देवडीत थांबली. "आबा, तुम्ही या कोपऱ्यात 'वाट सोडाऽ' म्हणून ओरडता, तेव्हा काय होतं?"

"काय व्हायचंय? नुसतं घुमतं."

"आणि चार पावलं पुढं चौकात गेल्यावर?"

"साफ ऐकू येतं."

"मग! त्या कपाटांना कोपऱ्याशिवाय जागाच नसते, म्हणून ती घुमतात. लहानग्यांना पुढं उभं करायला कुणी अडवलंय?"

दुसऱ्या दिवशी पडदा लागला. अलीकडे गादीवर सरकार, पलीकडे बायजा, रायबा आणि घाबरलेले उपाध्ये.

"पहिली बारी!" बायजा ओरडली.

"म्हणजे लहान-मोठ्या दोन्ही जोड्या आणल्यास तर! लाव!" सरकार म्हणाले.

तबकडी फिरू लागली. बुवांचा आवाज घुमत घुमत आला. डग्गा असा काही धबधबत होता, की खिडकीची काच थरथरायला लागली.

"बंद करा!" सरकारांनी कान झाकले. "बुवा काय रांजणात तोंड घालून गातायत? हीच ती काडीपैलवान जोडी. ओळखली मी!"

पडद्यामागं खुडबुड सुरू झाली.

"काय चाललंय?"

"बदलतोय, सरकार!" बायजानं आतून सांगितलं. "दुसरी बारी!"

तंबोरे झंकारले. बुवांनी षड्ज लावला आणि सरकार ताठ झाले. डग्गा आता गोल, नेमका उमटत होता. बुवांनी घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. पडद्याशी मांडी घालून बुवा बसलेत, अगदी हात लांबवला तर पायाला लागेल! सरकारांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. डोळे पाणावले. बायजा फटीतून बघत होती. क्षणभर ती पैजही विसरली.

तबकडी संपली.

"हीच!" सरकारांनी नाक पुसलं. "ही मोठी जोडी. खानदानी आवाज लपत नाही!"

"नक्की, सरकार?"

"शब्द आहे माझा!"

बायजानं पडदा ओढला. कमरेएवढे, जेमतेम वीतभर रुंदीचे दोन सडपातळ स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढं, गादीकडं किंचित तोंड वळवून उभे होते!

"आणि मोठे कुठायत?"

"दुकानात, सरकार. आज आणलेच नाहीत."

"मग मघाशी काय वाजलं?"

"हेच! फक्त कोपऱ्यात ढकलले होते."

"लबाड! जोडी बदलतोय म्हणालीस ना?"

"नुसतं 'बदलतोय' म्हणाले. काय बदलतोय, ते सरकारांनी विचारलंच नाही. जागा बदलत होतो! आवाज मोठ्यांचा, हे सरकारांच्या कानांनी सांगितलं. जागा लहानांची, हे आता डोळे सांगतायत. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय, ते सरकारांनीच ठरवावं!"

उपाध्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. सरकारांनी एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा बायजाकडे. मग त्यांच्या पोटातून हसू उसळलं आणि ते मांडीवर थापा मारत गदगदा हसत सुटले. "कानांना खोटं म्हणालो, तर बुवा वरून छडी घेऊन उतरतील! माग, काय हवं ते माग!"

"आबांनी इतक्या जोड्या वाहिल्या," बायजा म्हणाली, "पण गादीवर बसून एकही ऐकली नाही. त्यांना बसवा आणि तबकडी पहिल्यापासून लावा."

सरकार उठले. त्यांनी रायबाचा हात धरून त्याला गादीवर बसवलं, शेजारी बायजाला बसवलं आणि स्वतः वाकून तबकडीवर सुई ठेवली.

"आणि उपाध्ये," ते डोळे मिचकावत म्हणाले, "अशीच एक जोडी, रेकॉर्ड प्लेअरसकट, आजच रायबाच्या घरी पोचवा. आमच्यातर्फे बक्षीस! मात्र हमाल आज गाणं ऐकतायत. उचलून तुम्हीच न्या!"