रक्तपेढीचा सर्व्हर

"किती वेळ लागला?"

"आठ मिनिटं." शलाकानं खुर्ची मागं सरकवून स्क्रीन त्यांच्याकडं वळवला. "लोक यात अख्खा दिवस घालवतात, चाचा."

दाऊदचाचांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि ते स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

मिरजेतल्या एका रक्तपेढीच्या मागच्या खोलीतली ही गोष्ट. खोलीच्या एका भिंतीला लिनक्सवर चालणारा सर्व्हर, म्हणजे पेढीचा मुख्य संगणक, समोरच्या भिंतीत मोठी काच आणि काचेपलीकडं रुग्णांसाठी रक्ताच्या पिशव्या देण्याचा काउंटर. दाऊद मुजावर टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडून इथं आले, तेव्हापासून या सर्व्हरला त्यांच्याखेरीज कुणी हात लावला नव्हता. आता डोळे साथ देईनात, म्हणून त्यांनी आपणहून राजीनामा दिला होता.

त्यांच्या जागी शलाका गोसावी पुण्याहून आली होती. वय एकोणतीस. हेच काम तिनं आधी नऊ ठिकाणी केलं होतं आणि दहाव्या ठिकाणी आपल्याला कुणी काही शिकवावं, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण विश्वस्तांची एक अट होती. चाचा हो म्हणतील, तेव्हाच सर्व्हरचा पासवर्ड तिच्या हाती येणार. आज तो त्यांनी स्वतः टाकून तिला बसवलं होतं.

रक्तपेढीचे चार प्रोग्राम त्या सर्व्हरवर चालत. दात्यांची नोंद, पिशव्यांचा साठा, रक्तजुळणीचे अहवाल आणि लेबलांची छपाई. प्रत्येकाला आपली वेगळी बंद जागा. तिलाच कंटेनर म्हणतात. चाचा ते काळ्या पडद्यावर एकेक कमांड टाइप करून सांभाळत. शलाकानं आता त्या सगळ्यांवर देखरेख ठेवणारी एक प्रणाली बसवली होती. चारही कंटेनर एकाच पानावर दिसत होते, चौघांपुढं हिरवे ठिपके. बटण दाबलं की बंद, बटण दाबलं की चालू.

"छान दिसतंय," चाचा म्हणाले.

शलाका हसली.

"आता काढून टाक."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय काढू?"

"हेच. आत्ता बसवलंस ते."

"का? काही चुकलं का?"

"चुकलं असं कुठं म्हटलं मी? काढ की."

शलाकानं काचेतून पलीकडं पाहिलं. सकाळचे अकरा वाजत होते. काउंटरवर विमलताई माने होत्या आणि त्यांच्यासमोर बर्फाचा डबा हातात घेतलेला एक माणूस उभा होता. त्याची बहीण बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या हव्या होत्या. विमलताई संगणकात साठा शोधत होत्या.

"आत्ता नको," शलाका म्हणाली. "गर्दी संपू दे."

"रक्तपेढीतली गर्दी कधी संपते?"

"पण चाचा, हे काढलं आणि खालचं सगळं बंद पडलं तर…"

"पडेल?"

शलाका आठवू लागली.

नऊ ठिकाणी तिनं ही प्रणाली बसवली होती. ठिपके हिरवे झाले की लोक खूश होत, चहा येई, आणि ती संध्याकाळच्या गाडीनं परत निघे. बसवलेली प्रणाली काढून टाकायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. काढली तर काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

चाचा वाट पाहत राहिले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

हे बोलताना आपले कान तापल्याचं तिला जाणवलं. चाचांनी मात्र नुसती मान हलवली. वेळ विचारल्यावर कुणीतरी वेळ सांगावी, तशी.

"मग बघ," ते म्हणाले.

तिनं ते देखणं पान बंद केलं आणि काळा पडदा उघडला. काय काय चालू आहे, त्याची यादी मागवली. चार नावं येतील अशी तिची अपेक्षा होती. आली पाच. पाचवं नाव तिच्या प्रणालीचंच होतं. सगळ्यांवर नजर ठेवणारी ती प्रणालीसुद्धा त्या चौघांसारखीच एक कंटेनर होती. त्यांच्या डोक्यावर नव्हती, त्यांच्या रांगेत होती. पाचही जणांना चालवणारा मूळ प्रोग्राम खाली निराळाच होता आणि तो तिनं बसवलेला नव्हता.

ही माहिती तिला नवी नव्हती. तिनं त्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं, एवढंच.

ती उठली. काचेशेजारचं दार ढकलून काउंटरवर गेली.

"विमलताई, पाच मिनिटं कागदाची नोंदवही उघडून हाताशी ठेवाल का? लागणार नाही. तरीपण ठेवा."

विमलताईंनी वही ओढून उघडली आणि पुन्हा संगणकाकडं वळल्या. शलाका परत येऊन बसली. चाचांनी तिच्याकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

तिनं कमांड टाइप केली. एकदा वाचली. नाव बरोबर आहे ना, ते पुन्हा तपासलं. आणि एंटर दाबलं.

पाचवं नाव गेलं.

शलाकानं काचेकडं पाहिलं. विमलताई खाली वाकल्या… छपाईयंत्रातून एक लेबल बाहेर आलं. मग दुसरं. त्यांनी दोन्ही पिशव्यांवर ती चिकटवली, आकडे मोठ्यानं वाचले, त्या माणसाकडून सही घेतली. पिशव्या डब्यात गेल्या. माणूस जवळजवळ धावतच बाहेर पडला.

वहीचं पान कोरंच राहिलं होतं.

"चाललंय," शलाका म्हणाली.

"हं."

"म्हणजे ही प्रणाली नसली तरी चालतं."

"चालतं."

"मग बसवायची कशाला?"

"माझ्या डोळ्यांना आता पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत," चाचा म्हणाले. "तुला दिसतात. अजून चार जणांना दिसायला हवं का नको? बसव."

या वेळी शलाकानं आपल्या फाइलमधून तयार ओळी उचलल्या नाहीत. एकेक ओळ हातानं लिहिली. एका ओळीपाशी ती थांबली. त्या ओळीनं प्रणालीला खालचा मूळ प्रोग्राम हवा तसा वापरायची पूर्ण मोकळीक मिळत होती. ज्याच्या हाती हे पान, त्याच्या हाती अख्खी रक्तपेढी. मघाशी तिनं हे पान इमारतीतल्या कुठल्याही संगणकावर उघडेल असं सोडून दिलं होतं. आता ते तिनं या खोलीपुरतं ठेवलं. बघण्यापुरती परवानगी विमलताईंना दिली, बटणं आपल्याकडं ठेवली. प्रणाली काढली तरी ही सगळी मांडणी तिच्या कंटेनरबाहेर, सर्व्हरवर जपली जाईल अशी सोय केली आणि ती खरंच जपली जाते का, हे एकदा काढून, पुन्हा बसवून पाहिलं.

दुपारचा एक वाजून गेला. ठिपके हिरवे झाले होते, पण तिनं स्क्रीन कुणाकडं वळवला नाही.

चाचांनी कीबोर्ड आपल्याकडं ओढला आणि सर्व्हरचा जुना पासवर्ड शेवटचा टाकला.

"आता बदल."

"नवा काय ठेवू?"

"मला सांगू नको."

ते उठले आणि तिच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. शलाकानं टाइप केलं, पुन्हा टाइप केलं. नवा पासवर्ड लागू झाला. त्या क्षणापासून या सर्व्हरचं दार दाऊद मुजावरांना बंद झालं.

ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता. खुंटीवरची पिशवी काढून त्यांनी खांद्याला लावली.

पलीकडं काउंटरवर नवा माणूस आला होता. विमलताई साठा शोधत होत्या. मागच्या खोलीत काय बदललं, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

शलाका उठून उभी राहिली. आता तिला विचारायला संकोच वाटला नाही.

"चाचा, इतकी वर्षं तुम्ही इथं काय केलंत?"

दाऊदचाचा दारात थांबले…

"मागं सर्व्हर आहे, हे पलीकडं कुणाला कळू दिलं नाही."